जिन, थ्रेशर, फवारणी: कामावरच्या अपघाताबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की विदर्भात जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, सुरू होतात आणि त्याच दिवसांत वावरावावरात सोयाबीनचे थ्रेशर फिरत असते. पऱ्हाटीवरची म्हणजे कपाशीवरची फवारणी त्याच्या आधीची, वीटभट्टी आणि तेंदूपत्ता त्याच्या नंतरचे. मी बारा हंगाम जिनात फिटर होतो. आता गावातली माणसे कागद घेऊन घरी येतात, कोणाचे बोट गेलेले असते, कोणाचा माणूस. त्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही मालकांचेही आहेत, कारण रात्री झोप त्यांनाही लागत नाही.

आमच्या जिनात सगळे मिळून पंधरा जण. आम्हाला कायदा लागतो का?

लागतो, पण कोणता कायदा ते पाहावे लागते. १९४८ चा कारखाने अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नव्या संहितेत विजेवर चालणारी आणि २० किंवा जास्त कामगार असलेली जागा म्हणजे ‘कारखाना’. वीज नसेल तर ४०. पंधरा जणांचा जिन या व्याख्येत बसत नाही, पण दहा किंवा जास्त कामगारांची ‘आस्थापना’ म्हणून मालकाची मूळ जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

मोजणीत एक गोम आहे. मुकादमाने आणलेले हमालही मोजायचे असतात. ‘ते माझे नाहीत, ठेकेदाराचे आहेत’ असे म्हणून अकरा जणांचे हजेरीपत्रक दाखवणारे मालक मी पाहिले आहेत. जिनात उभा राहून डोकी मोजली की खरा आकडा कळतो.

भरपाईची गोष्ट वेगळी. तिथे माणसांची संख्या लागतच नाही. एकच माणूस कामावर असला आणि त्याचे काम कायद्याच्या यादीत असले, तरी मालक देणे लागतो.

जिनात हात जातो तो नेमका कुठे?

मी पाहिलेल्यात बहुतेक वेळा कापूस अडकल्यावर. डबल रोलर जिन मशीनमध्ये चामड्याचे दोन रोलर फिरतात, सुरी हलत राहते, रुई ओढली जाते आणि सरकी खाली पडते. रोलरचा वेग मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास. थ्रेशरच्या ड्रमसारखा तो घोंघावत नाही, म्हणून त्याची भीतीच वाटत नाही. ओला कापूस आला, गोळा बसला, की चालू मशीनवर हाताने ओढायचा मोह होतो. दोन मिनिटांत दहा वेळा ओढून काही झाले नाही तर अकराव्यांदाही ओढला जातो.

दुसरी जागा म्हणजे सरकी वाहून नेणारा स्क्रू कन्व्हेयर. त्यावरची पत्र्याची झाकणे साफ करायला काढतात आणि हंगामभर भिंतीला टेकवून ठेवतात. वरून चालत जाणाऱ्याचा पाय आत गेला की स्क्रू थांबत नाही. तिसरी पट्टे आणि पुल्या: जाळी नसलेली पुली आणि मोकळा पदर किंवा शेला. चौथी प्रेस, जिथे १७० किलोची गाठ बांधतात आणि आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही.

उपाय एकच आहे आणि त्याला फारसा खर्च येत नाही. अडकले की बटण बंद, मेन स्विच बंद, स्विचला कुलूप, आणि चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. सुपरवायझरच्या खिशात नाही. बटण बंद केल्यावर मशीन पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे, जडपणामुळे ती काही वेळ फिरत राहते. आमच्याकडे एकदा फिटर आत असताना दुसऱ्या पाळीच्या माणसाने ‘कोणी बंद केली रे’ म्हणत स्विच वर केला होता. त्या दिवशी फिटरने नुकताच हात बाहेर काढला होता, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. कुलपाची किंमत तेव्हा शंभर रुपयेही नव्हती.

आग?

कापसाबरोबर खडा किंवा खिळा आला की ठिणगी पडते. ती लगेच दिसत नाही. रुईत आत धुमसत राहते, कधी कधी गाठ बांधून गोदामात गेल्यावर दोन दिवसांनी पेटते. म्हणून गरम वास आला की त्या वेळच्या गाठी वेगळ्या, मोकळ्या जागेत ठेवून नजर ठेवायची. बिडी गेटवरच ठेवायची. आणि गाड्या रांगेत लावताना आगीच्या बंबाची वाट अडवायची नाही. हंगामाच्या गर्दीत नेमकी तीच अडवली जाते.

रुईच्या धुळीने छाती भरते. हा आजार धरतात का?

धरतात. वर्षानुवर्षे कापसाची धूळ ओढली तर बिसिनोसिस होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि आठवडाभरात हलकी होते. डॉक्टरला ‘दमा आहे’ एवढेच सांगू नका, ‘जिनात इतके हंगाम काम केले’ हेही सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

थ्रेशर घेताना काय पाहायचे?

पेंढी घालायचे तोंड. भारतीय मानकाप्रमाणे हे तोंड म्हणजे च्यूट किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हिशेब साधा आहे: माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचू नये. पण लांब तोंडाने काम हळू होते म्हणून गावातला वेल्डर ते कापून देतो. कापलेले थ्रेशर भाड्याने आले तर परत पाठवा.

त्याहून फसवा असतो ट्रॅक्टरकडून थ्रेशरला जाणारा फिरता शाफ्ट. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदराचे टोक त्यात गेले तर ‘अगं’ म्हणेपर्यंत साडी गुंडाळलेली असते. त्यावर प्लास्टिकचे आवरण येते. ते तुटले तर नवे बसवा, आणि शाफ्ट ओलांडून कोणी जायचे नाही, डबा द्यायलाही नाही. बायांनी पदर खोचून, केस बांधून, शेला सोडून काम करावे. संध्याकाळचे शेवटचे दोन क्विंटल काढताना सगळे थकलेले असतात आणि उजेड कमी असतो. त्या वेळी थांबलेले बरे, पण भाडे तासावर असते हे मलाही ठाऊक आहे.

यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीत एवढी माणसे कशी गेली?

त्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कारण एक नव्हते. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, म्हणून फवारा पायाकडे न पडता तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. बॅटरीच्या पंपाने बारीक तुषार उडत होते आणि मजूर एका वावरातून दुसऱ्या वावरात, दिवसभर, उघड्या अंगाने फवारत होते. हवा दमट, अंगाला घाम.

लोकांना वाटते विष नाकातोंडातून जाते. फवारणीत ते जास्त करून कातडीतून जाते. म्हणून नुसता मास्क बांधून उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि पाठीवर प्लास्टिक, कारण पंप गळतो तो पाठीवर. वारा पाठीमागून यायला हवा. पीक छातीच्या वर गेले असेल तर पुढे चालत फवारायचे नाही, मागे सरकत फवारायचे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही, बारीक काडी किंवा पाणी वापरायचे.

डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि ‘मोनो’ मागू नका. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्केवर केंद्राने २०२३ मध्ये बंदी आणली. कोणी मागच्या खोलीतून काढून दिले तर घेऊ नका.

फवारताना चक्कर आली तर पहिल्यांदा काय करायचे?

वावराबाहेर काढा, कपडे पूर्ण उतरवा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. उलटी करवू नका. दूध, तूप, मीठ-पाणी काहीही पाजू नका. डोळ्याची बाहुली बारीक झाली, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, नजर धूसर झाली तर ही विषबाधा आहे, ‘ऊन लागले’ नाही. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरला नाव कळले की उतारा ठरवता येतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन हा उतारा देतात, पण सगळ्या औषधांना तो चालत नाही. डॉक्टरला सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक द्या.

बोट तुटून पडले तर?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापत्ती, ऑइल लावू नका. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर नाही, मांस जळते. आणि गाडी नागपूरकडे वळवायची की जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात थांबायचे हे आधी फोनवर विचारा.

दवाखान्यात काय सांगायचे?

जे झाले ते. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेक दावे इथेच मरतात. माणूस रक्ताने भिजलेला असतो, मालक गाडीत बसवून आणतो आणि खिडकीवर मालकच सांगतो, ‘घरी पडला’. नर्स लिहून घेते. सहा महिन्यांनी भरपाई मागायला गेले की समोरचा वकील तोच केसपेपर काढतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अंगठा असाच ‘घरच्या कडबाकुट्टीत’ गेला. त्याच्या घरी गुरेच नव्हती. तरी ते खोडून काढायला दोन वर्षे लागली, साक्षीदार गोळा करताना निम्मे मजूर गाव सोडून गेलेले होते.

म्हणून सोबतच्या कोणीतरी बोलावे: ‘अमुक जिनात, अमुक मशीनवर, अमुक वाजता.’ केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढा. जिनातल्या त्या जागेचा आणि उघड्या पुलीचाही काढा, दुसऱ्या दिवशी तिथे नवी जाळी दिसेल. त्या पाळीतल्या दोघांची नावे आणि फोन लिहून ठेवा. मालकाला लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवा.

मालकांसाठीही: मृत्यू किंवा ४८ तासांहून जास्त काम बंद पडेल अशी इजा झाली तर अधिकाऱ्याला सूचना देणे तुमचे कायदेशीर काम आहे. लपवलेले नंतर निघते आणि मग हेतू वाईट होता असे दिसते.

भरपाई किती मिळते?

जिनाच्या कामगाराला ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) दवाखाना मिळत नाही म्हणून बरेच जण हात टेकतात. ईएसआयच्या जुन्या कायद्यात फक्त कापूस पिंजणे-दाबण्याचे काम करणारा हंगामी कारखाना मुळातच वगळलेला होता. पण ईएसआय नाही तिथेच कर्मचारी भरपाईचा रस्ता खुला असतो. १९२३ च्या कायद्यातला हा हिशेब आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे.

मृत्यूत महिन्याच्या पगाराचे ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात ६० टक्के धरतात, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. पगार १२,००० असेल तर मृत्यूची भरपाई ६,००० × २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८०. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे कायदा मानतो. पूर्ण अपंगत्वाचे ७,२०० × २०७.९८ आणि त्याचे ३० टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार. तर्जनी १४ टक्के, एका हाताची चारही बोटे ५० टक्के. हे आकडे पाठ करून ठेवा, म्हणजे ‘वीस हजार घे आणि मिटव’ म्हणणाऱ्यासमोर तोंड उघडता येते.

मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात देऊन भागत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. महिनाभर टाळले तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळले तर निम्म्यापर्यंत दंड.

मालक म्हणतो, चूक कामगाराचीच होती.

निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई जात नाही. दारू पिऊन होता, स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला किंवा सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली, एवढ्याच तीन सबबी आहेत. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर त्याही चालत नाहीत. आणि ‘जाळी कोणी काढली’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘मुकादमाने सांगितले म्हणून’ असेच निघते.

मालकाला शिक्षा होते का?

नव्या संहितेत कर्तव्य चुकल्यामुळे कामगार मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेत एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड. न्यायालय या दंडातला किमान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसाला द्यायला सांगू शकते.

वावरातल्या मजुराला, सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) हे लागू आहे का? शेतकरी कुठून देणार?

हे अनेकांना पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. कीटकनाशक फवारणारे, ट्रॅक्टर चालवणारे, यंत्राने कापणी-मळणी करणारे मजूर भरपाईच्या यादीत स्पष्ट आहेत. म्हणजे पाच एकरवाला शेतकरीही मालक ठरतो. कोरडवाहू शेतीवर बारा लाख कोण काढणार, हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचे सोपे उत्तर नाही. पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. हंगामाच्या आधी मजुराला बँकेत नेऊन तेवढे करा. तुमच्या जबाबदारीचे ते पूर्ण उत्तर नाही, पण त्याच्या घरी काहीतरी पोचते.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. सर्पदंश, वीज, विषबाधा, विजेचा शॉक त्यात येतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. भूमिहीन मजूर यात बसत नाही, आणि मला ही या योजनेतली सगळ्यात मोठी फट वाटते. २०१७ च्या फवारणीतही मेलेल्यांत मजूर होतेच.

विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर?

उतरू नका. दुसरा माणूस वाचवायला उतरतो आणि तोही राहतो, कधी तिसराही. खाली प्राणवायू कमी असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्याचा धूर तळाशी बसतो आणि त्याला वास येईलच असे नाही. आधीच कमरेला दोर बांधून, दोर धरणारे दोघे वर ठेवूनच माणूस उतरवा. ११२ ला फोन करा.

वीटभट्टीवर नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) काम बंद ठेवावे का?

दुपारचे ठेवावेच. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथला मे ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि भट्टीजवळ तर त्याहून जास्त. पहाटे चार ते दहा आणि संध्याकाळी, असे बहुतेक भट्टीवाले करतातच. जे करत नाहीत त्यांच्याकडे फटका नव्या माणसाला बसतो: छत्तीसगडहून आलेला मजूर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी ओढतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा लागतो. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम आणि मग रोज थोडे वाढवत नेणे हे शास्त्राचे माप आहे. पाणी तहान लागण्याआधी, दर वीस मिनिटांनी पेलाभर. माणूस बरळू लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना.

तेंदूपत्ता तोडताना वाघाने मारले तर?

ही भरपाई वनविभागाकडून मिळते. मृत्यूला २०२३ पासून २५ लाख. वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा, पंचनामा होऊ द्या.

तक्रार करायची कुठे? नाव उघड झाले तर काम जाईल.

कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, विदर्भासाठी त्याचे कार्यालय नागपुरात आहे. बाकी आस्थापनांसाठी जिल्ह्याचे कामगार कार्यालय. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. जीव जाईल असा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क कायद्यात आहे. पण गावात हक्क आणि हजेरी यांचे जमत नाही हे मीही जाणतो. एकट्याने सही करण्यापेक्षा पाळीतल्या सगळ्यांनी एका कागदावर गोल सह्या करा, म्हणजे पहिली सही कोणाची ते दिसत नाही.

मजूरच मोजे आणि चष्मा घालत नाहीत. मालकाने काय करावे?

आधी स्वतः तो किट घालून दुपारी अर्धा तास फवारून पाहावे. मग कळते की तो का काढून टाकतो. ऑगस्टच्या दमटपणात जाड प्लास्टिकचा झगा असह्य होतो. फवारणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवली, मजुराला दिवसाच्या पंपांवर न देता तासावर पैसे दिले, तर घाई कमी होते आणि मोजे हातात राहतात. सुरक्षेच्या सामानाचे पैसे मजुरीतून कापू नका, कायद्यात त्याला मनाई आहे.

फवारणीचे कपडे कुठे धुवायचे?

घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळ्या बादलीत, विहिरीपासून आणि गुरांच्या हौदापासून दूर, साबणाने दोनदा. आणि ते बहुतेक घरची बाई धुते, तेव्हा रबरी मोज्यांचा दुसरा जोड तिच्यासाठीही आणा.